आम्ही की आपण?

ऑगस्ट महिन्यात हिरोशिमाला येऊ नका, असं तिथली माणसंच सांगतात. पावसाळा जुलैत आटोपलेला असतो, पारा ३५ अंशांच्या आसपास घुटमळत असतो आणि ओता नदीच्या फाट्यांमध्ये वसलेलं हे शहर दमट हवेत अक्षरशः शिजत असतं. संध्याकाळी तरी सुटका होईल म्हणावं, तर नेमका तेव्हाच वारा पडतो. दिवसा समुद्राकडून येणारा वारा थांबलेला आणि रात्री जमिनीकडून वाहणारा अजून सुरू न झालेला, अशा त्या मधल्या वेळेला तिथे 'यूनागी' असा खास शब्द आहे. झाडाचं पान हलत नाही. ज्यांच्यापुढे आपले रातकिडे अगदीच मवाळ वाटावेत असे 'सेमी' नावाचे किडे मात्र दिवसभर झाडांवरून कर्कश ओरडत असतात.

नोकरीच्या निमित्ताने या गावात मी दोन वर्षं काढली, म्हणजे दोन उन्हाळेही काढले. त्यानंतर कामासाठी तीन-चार वेळा जाणं झालं, पण ते थंडीतलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतातून अमेरिकेला परतताना आम्ही सहकुटुंब चार दिवस हिरोशिमाला थांबलो. ६ ऑगस्टचा ऐंशीवा स्मृतिदिन नुकताच होऊन गेला होता. स्टेशन ओळखू येईना, कारण ट्राम आता थेट नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यात शिरते आणि हा मार्ग त्याच महिन्याच्या ३ तारखेला सुरू झालेला. बाकी गाव मात्र आपल्या जागेवर होतं. कोबी, नूडल्स आणि अंडं यांचे थर रचलेलं ओकोनोमियाकी तापलेल्या तव्यावरूनच खायचं, समोरच्या उष्णतेने आणखी घामाघूम व्हायचं, हेही तसंच. आणि रस्त्याकडेला कण्हेर फुललेली. आपल्याकडे परसात किंवा देवळाच्या कडेला दिसणारी ही कण्हेर हिरोशिमाचं अधिकृत शहरपुष्प आहे. बॉम्बनंतर तिथे आता काही उगवणार नाही असं लोक म्हणत होते, तेव्हा लवकर फुललेल्या झाडांपैकी ती एक.

या उन्हात ओळखीचा-बिनओळखीचा कुणीही भेटला की पहिलं वाक्य एकच, "अत्सुइ देसु ने." शब्दशः पाहिलं तर 'गरम आहे, नाही का?' कोणाला गरम होतंय, ते वाक्यात नाही. जपानी भाषेत कर्ता सर्रास गाळतात. शेवटचा तो 'ने' समोरच्याला हळूच आपल्यात ओढून घेतो. आपल्याला हे अवघड वाटायचं कारण नाही, कारण आपणही म्हणतो, "उकडतंय ना!" शाळेत भावकर्तृक क्रियापद म्हणून शिकलेलं आठवत असेल. उजाडतं, मळमळतं, उकडतं. ऊन काही माणूस पाहून तापत नाही, म्हणून उकाड्याच्या वाक्याला कर्ता लागत नाही.

उकाड्याचं ठीक आहे. पण अपराधाच्या वाक्यात कर्ता नसला तर?

हा प्रश्न हवेतला नाही. हिरोशिमाच्या शांतता उद्यानात तो दगडावर कोरलेला आहे. केंझो तांगे या वास्तुशिल्पकाने आखलेली एक साधी कमान तिथे आहे. जुन्या मातीच्या घराच्या छपरासारखा तिचा आकार. तिच्याखाली दगडी पेटी आणि पेटीत बॉम्बने मेलेल्यांच्या नावांच्या वह्या. बॉम्ब पडला त्या १९४५ सालाच्या अखेरपर्यंतच सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली असं मानतात. जे वाचले ते पुढच्या ऐंशी वर्षांत एकेक करून गेले, तशी त्यांची नावंही वह्यांत चढत गेली. आता ती साडेतीन लाखांच्या घरात पोचली आहेत. कमानीतून पाहिलं की समोर ज्योत आणि तिच्या पलीकडे तो मोडका घुमट दिसतो. पेटीवर जे वाक्य कोरलं आहे त्याचा मराठीत अर्थ असा: शांतपणे विसावा घ्या, ही चूक पुन्हा करणार नाही.

कोण करणार नाही? वाक्यात नाही. मूळ जपानीत नाही आणि मराठीतही गंमत अशी की कर्ता न घालता हे वाक्य नीट उभं राहतं. मी करणार नाही, आम्ही करणार नाही, आपण करणार नाही, तो करणार नाही, क्रियापद तेच.

हे स्मारक १९५२ च्या ६ ऑगस्टला खुलं झालं आणि त्याच वर्षी वादाला तोंड फुटलं. तोंड फोडणारा माणूस भारतीय होता! टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारा वेगळा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल त्या नोव्हेंबरात हिरोशिमाला आले होते. त्यांनी तो मजकूर समजावून घेतला आणि हरकत घेतली. बॉम्ब जपान्यांनी टाकला नाही. मग चूक कुणाची, आणि ती पुन्हा करणार नाही असं जपान्यांनी का म्हणायचं? मजकूर लिहिणारे ताडायोशी साइका हे हिरोशिमा विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते आणि स्वतः बॉम्बमधून वाचले होते. त्यांनी पालांना पत्र लिहून कळवलं की हिरोशिमाचा नागरिक इथे जगाचा नागरिक म्हणून बोलतो आहे. इंग्रजी भाषांतरही त्यांनीच केलं आणि त्यात कर्ता घालावाच लागला, 'वी'.

वाद मिटला नाही. १९७० मध्ये महापौरांना जाहीर करावं लागलं की या वाक्याचा कर्ता सारी मानवजात आहे. १९८३ मध्ये तसा खुलासा करणारा फलक जवळ लावला गेला. तरी २००५ च्या जुलैमध्ये एका उजव्या विचारसरणीच्या तरुणाने छिन्नी-हातोडा घेऊन दगडावरचा 'चूक' हा शब्दच फोडला. त्याचंही म्हणणं तेच, की चूक आमची नव्हती.

भर दुपारी त्या कमानीपुढे रांग होती. शाळेच्या टोप्या घातलेली मुलं, जपानी आजी-आजोबा, युरोपातले प्रवासी आणि बरेच अमेरिकन. प्रत्येकाने पुढे जायचं, मान झुकवायची, बाजूला व्हायचं. कुणी पाणी वाहत होतं. भाजलेली माणसं त्या दिवशी पाणी मागत मागत गेली, म्हणून इथे आजही पाणी वाहतात. आमची चौदा वर्षांची मुलगी, जन्माने अमेरिकन, फलक वाचून म्हणाली, "बाबा, पण बॉम्ब तर आपण टाकला ना?"

प्रश्न विचारणारीने 'आपण' म्हटलं होतं, आणि त्या 'आपण'मध्ये मीही होतो. माझा जन्म कोल्हापूरचा. १९४५ मध्ये माझे आजोबा इंग्रजांच्या राज्यात मास्तरकी करत होते. ओठांवर आलेलं उत्तर सरळ होतं, "आपण नाही गं, त्यांनी." पण 'त्यांनी' म्हणजे कुणी? ज्या देशाच्या विद्यापीठात मी शिकलो, ज्याच्या रस्त्यांवरून रोज जातो, ज्याच्या निवडणुकीत मत देतो, तो देश जेव्हा चंद्रावर माणूस पाठवल्याचं सांगतो, तेव्हा आमच्या घरात 'त्यांनी पाठवला' असं कुणी म्हणत नाही.

इथे मराठी आपल्या मदतीला येते. इंग्रजीला 'वी' हा एकच शब्द. मराठीत मात्र 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन आहेत. 'आम्ही' म्हणजे तू सोडून बाकीचे. 'आपण' म्हणजे तुझ्यासकट सगळे. 'आम्ही' म्हटलं की मध्ये कुंपण येतं, 'आपण' म्हटलं की ऐकणाराही आत येतो. हिरोशिमाचं ते वाक्य मराठीत आणताना कर्ता घालायचा ठरवला, तर कोणता घालणार? 'आम्ही ही चूक पुन्हा करणार नाही' म्हटलं तर पालांची हरकत बरोबर आहे. मार खाणाऱ्यानेच माफी मागावी तसं ते होईल. 'आपण ही चूक पुन्हा करणार नाही' म्हटलं तर साइकांना हवं होतं ते होईल.

मग प्रश्न सुटला? इतक्यात नाही. 'आपण' हा शब्द दिसतो तितका सोवळा नाही. ऑफिसात मोठी गडबड झाली की मॅनेजर मीटिंगमध्ये काय म्हणतो? "आपल्या सगळ्यांकडूनच थोडं दुर्लक्ष झालं." ज्याने तीन वेळा धोक्याची सूचना देणारी ईमेल पाठवली होती, तोही त्या 'आपल्या'त येतो, ज्याने ती वाचली नाही, तो त्यात सुखाने लपतो. हॅना अरेंटने जर्मनीच्या संदर्भात हे बजावून ठेवलं आहे: सगळेच अपराधी असं म्हटलं की प्रत्यक्षात कुणीच अपराधी उरत नाही. बॉम्ब टाकायचा निर्णय मानवजातीने घेतला नव्हता. हुकूम देणाऱ्यांना नावं होती, विमानाला नाव होतं, घड्याळात ८ वाजून १५ मिनिटं झाली होती.

आणि 'आम्ही'चीही दुसरी बाजू आहे. हिरोशिमा हे काही निव्वळ निष्पाप मासेमारीचं गाव नव्हतं. १८९४-९५ च्या चीनविरुद्धच्या युद्धात सम्राट मेइजी स्वतः इथे मुक्कामाला होता. उजिना बंदरातून सैन्याच्या तुकड्या आशियाभर गेल्या. इथल्या संग्रहालयाने १९९४ नंतर हा इतिहासही मांडला, हे त्याचं मोठेपण. बॉम्बने मेलेल्यांमध्ये हजारो कोरियन होते. जपानच्या सत्तेखालच्या कोरियातून कामासाठी आलेले, काही जबरदस्तीने आणलेले. त्यांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते उद्यानाच्या बाहेर, नदीपलीकडे. आत यायला त्याला १९९९ साल उजाडावं लागलं. एकाच बॉम्बने, एकाच सकाळी मेलेल्यांनाही 'आपण' व्हायला इतकी वर्षं लागली!

तत्त्वज्ञानात हा प्रश्न सगळ्यात नेटकेपणाने मांडला तो कार्ल यास्पर्स या जर्मन विचारवंताने. पत्नी ज्यू होती म्हणून नाझींनी १९३७ मध्ये त्याला प्राध्यापकपदावरून काढलं होतं. म्हणजे 'आम्ही नाही, त्यांनी' म्हणायचा त्याला पुरेपूर हक्क होता. तरी युद्ध संपताच, १९४६ मध्ये, त्याने जर्मन अपराधाच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं आणि अपराधाचे चार प्रकार केले. कायद्याने शाबित होणारा गुन्हा, तो करणाऱ्याचा. राजकीय जबाबदारी, ती त्या देशाच्या प्रत्येक नागरिकाची. नैतिक अपराध, त्याचा न्याय ज्याने त्याने आपल्या मनाशी करायचा. आणि चौथा सर्वांत अवघड, जगात कुठेही अन्याय होत असताना आपण माणूस म्हणून जिवंत आहोत, एवढ्यानेच अंगावर येणारा. त्याचं सांगणं असं की हे चार एकमेकांत मिसळू नका. संपूर्ण राष्ट्र गुन्हेगार असू शकत नाही, पण संपूर्ण राष्ट्र जबाबदार असू शकतं.

जर्मनीपर्यंत जायची गरज तरी काय, असंही मला वाटतं. आपल्या घरात हीच गोष्ट लहानपणापासून सांगितली गेली आहे. वाल्या कोळ्याने नारदाच्या सांगण्यावरून घरी जाऊन बायका-पोरांना विचारलं, तुमच्यासाठी मी वाटमारी करतो, माझ्या पापात वाटेकरी व्हाल का? सगळ्यांनी नाही म्हटलं. लहानपणी ही माणसं आपल्याला कृतघ्न वाटतात. पण नीट पाहिलं तर त्यांचं म्हणणं खरंच होतं. पाप वाटून घेता येत नाही. ते ज्याचं त्याचं.

कर्जाचं मात्र तसं नाही. आपल्याकडे वडिलांचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य मानलं जाई. हिंदू कायद्यातही ते होतं. २००५ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं, पण भावना गेलेली नाही. वडिलांनी बांधलेल्या वाड्यात राहायचं आणि वाड्यावरच्या बोज्याचा विषय निघाला की 'तो त्यांचा व्यवहार' म्हणायचं, हे आपल्यापैकी कुणालाच शोभणार नाही. वाल्याच्या कुटुंबाचंही तिथेच चुकलं. पापात वाटा घ्यायला त्यांनी नकार दिला तो योग्य, पण लुटीचं धान्य परत केल्याचं गोष्टीत कुठे ऐकलं नाही!

मला वाटतं, हिरोशिमाच्या वाक्याची किल्ली इथे आहे. ते भूतकाळाबद्दल नाहीच. चूक कुणी केली याचा निवाडा ते करत नाही. ते काम इतिहासाचं, आणि तिथे कर्ता नावानिशी सांगितलाच पाहिजे. वाक्य आहे भविष्यकाळातलं वचन. अपराध वारशाने येत नाही, वचन मात्र वारशाने घेता येतं. भूतकाळाला 'त्यांनी' आणि भविष्यकाळाला 'आपण', असा हा हिशेब आहे.

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकन आणि जपानी लोकांचं आपसांतलं, आपला काय संबंध? १९९८ चा मे महिना आठवून पाहा. पोखरणच्या चाचण्यांची बातमी आली तेव्हा भारतात फटाके वाजले, मिठाई वाटली गेली. तेव्हा शाळा-कॉलेजात असलेल्या आमच्या पिढीतल्या कितीजणांनी 'आपण बॉम्ब केला' असं छाती फुगवून म्हटलं असेल! त्या चाचण्या आवश्यक होत्या की नाही यावर सुज्ञ माणसांत मतभेद आहेत आणि राहतील. शेजारी अण्वस्त्रं बाळगून बसला असताना नुसत्या सदिच्छेवर देश चालत नाही, हे मलाही कळतं. मुद्दा एवढाच की अभिमानाच्या वेळी जो 'आपण' सहज तोंडी येतो, तो जबाबदारीच्या वेळी 'सरकार' किंवा 'ते लोक' होऊन जाऊ नये. दोन देशांशी नातं असलेल्या आपल्यासारख्यांना तर ही पळवाट दुप्पट रुंद आहे. मिरवायचं असेल तेव्हा दोन्ही देश आपले, हिशेब द्यायची वेळ आली की आपण दुसरीकडचे!

आणखी एक गोष्ट. 'आपण' कोण म्हणतो आहे, यावर त्या शब्दाची किंमत ठरते. ज्याच्या हातून इजा झाली त्याने 'आपल्या सगळ्यांचंच चुकलं' म्हणणं ही पळवाट आहे. त्याने आधी 'मी' किंवा 'आम्ही' म्हणायला हवं. पण ज्याला इजा झाली तो जेव्हा आपणहून 'आपण' म्हणतो, तेव्हा तो शब्द दार उघडतो. हिरोशिमाच्या वाचलेल्या माणसांनी नेमकं हेच केलं. 'तुम्ही टाकलात' असं म्हणायचा हक्क असून, जन्मभर आजारपण आणि समाजाची वेडीवाकडी नजर सोसून, त्यांनी ऐकणाऱ्याला आत घेतलं. त्यांच्यासारख्याच हिरोशिमा-नागासाकीच्या माणसांच्या निहोन हिदानक्यो या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं, ते अशाच बोलण्याबद्दल. हे औदार्य त्यांनीच दाखवायचं असतं. ते गृहीत धरून त्यांच्याकडे मागायला आपण जाऊ शकत नाही. २०१६ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष ओबामा तिथे गेले आणि माफीचा शब्द उच्चारला नाही, याचं काहींना वाईट वाटलं, काहींना ते येण्यातच सगळं आलं असं वाटलं. दोघांनाही तो अधिकार होता. आपल्याला आहे का, याची मला शंका आहे.

मुलीला मी तिथे उन्हात एवढंच सांगितलं की बॉम्ब टाकला तो तू नाहीस, मी नाही; पण पुन्हा टाकणार नाही असं म्हणायचं झालं तर त्यात तू आहेस आणि मीही आहे. ती म्हणाली, "दॅट्स नॉट फेअर." ते खरंच आहे. वारसा कुणी विचारून देत नाही.

रविवारच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या ताईंची एक नेहमीची तक्रार असते, की मुलांना 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक कळत नाही. "आई, आम्ही पिझ्झा खायला जाऊया?" असं विचारतात आणि आईला घरीच ठेवतात! आपण हसतो आणि सोडून देतो. माझी विनंती आहे की सोडू नका. इथे वाढणाऱ्या मुलांना आपण पुरणपोळी देऊ, ढोल-ताशा देऊ, देवनागरी अक्षरंही जमली तर देऊ. पण ज्या भाषेत 'वी'चे दोन तुकडे करून विचार करता येतो, ती जवळ असताना हा फरक त्यांच्या हाती न देणं म्हणजे हातातलं चांगलं हत्यार गंजू देणं आहे. उद्या ही मुलं कुठल्या तरी कंपनीत, शहरात, देशात निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलाशी बसतील. कधी 'आम्ही' म्हणून पुढे व्हायचं आणि कधी 'आपण' म्हणून दुसऱ्याला आत घ्यायचं, हे त्यांना तिथे रोज ठरवावं लागेल, आणि वाक्यात कर्ता कोण हे सांगायला तेव्हा शेजारी फलक लावलेला नसेल.